बाई पंगतीला बसल्या की

आमच्या भागात महानंदाबाई बिराजदार पंगतीला बसल्या की यजमानाला घाम फुटायचा. बाई फार खायच्या म्हणून नव्हे. तशा त्या चांगल्या खाणाऱ्या होत्या. पानात हुग्गी असली, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, तर वाढप्याला पुन्हा हाक मारायला त्यांना लाज वाटायची नाही. घाम फुटायचा तो त्या जेवायच्या नाहीत म्हणून. नवरी शाळकरी आहे असं कळलं की बाई त्या लग्नघरी जायच्या, पहिल्या ओळीत मांडी घालून बसायच्या, पान वाढून घ्यायच्या आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहायच्या.

मी नांदेडची. बी.एड. करून जळकोटला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा बाई तिथं मुख्याध्यापिका होत्या. बुटक्या, भरल्या अंगाच्या, अंगावर कायम इरकली साडी, गळ्यात चांदीच्या डबीत लिंगायतांचं इष्टलिंग. आवाज असा की शाळेच्या फाटकातून मारलेली हाक थेट एसटी स्टँडावर पोचायची. मला त्या पहिल्या दिवसापासून ‘अगं ए नांदेड’ म्हणायला लागल्या. ‘सुवर्णा’ ही पदवी मिळायला मला वर्ष लागलं.

प्रार्थनेच्या वेळी आम्ही बाकीच्या शिक्षिका डोळे मिटायचो. बाई उघडे ठेवायच्या. मुलींच्या ओळींमधून हळूहळू फिरत त्या हात बघायच्या, पाय बघायच्या, नाकं बघायच्या. कुणाच्या हातात अचानक हिरव्या बांगड्या, कुणाच्या पायात घरच्या ऐपतीला न शोभणारी सँडल. बाई तिथं थांबायच्या.

“नाक कवा टोचलं गं?”

“मावशीनं टोचलं, बाई.”

“कामून?”

मग बाई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, “मावशीला सांग, रविवारी बाई च्या प्यायला येनार हाईत.” आणि जायच्या. त्या नुसत्या चहाच्या भेटीत किती लग्नं मोडली असतील, देव जाणे.

पोरींवर हात उगारलेला त्यांना खपत नसे. आमच्याकडे एक गणिताचे सर होते. छडीशिवाय वर्ग आवरत नाही, असं त्यांचं ठाम मत. बाईंनी त्यांना खोलीत बोलावून समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या कपाटातल्या सगळ्या छड्या काढल्या, पदर खोचून शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीत घातल्या आणि खिचडी शिजल्यावर पहिली वाटी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. “खा सर. लई दिवसांनी तुमच्या छडीनं लेकरांचं पोट भरलंय.” सरांनी ती खाल्ली. न खाऊन सांगतात कुणाला!

पंगतीचं हत्यार मी पहिल्यांदा पाहिलं ते कंधारकडच्या एका गावात. आमच्या नववीतल्या एका मुलीला आजोळी नेऊन गुपचूप लग्न लावत होते. बाई मला म्हणाल्या, “चल नांदेड, तुला विज्ञान दाखवते.” आम्ही एसटीनं गेलो. आमच्याकडे अक्षतांच्या आधीच पंगती बसतात, लांबचे पाहुणे उपाशी राहू नयेत म्हणून. बाई अगदी मधोमध बसल्या. पानं वाढली, वरण आलं, तूप आलं. गावात मानाचं माणूस पंगतीला असलं की पहिला घास त्याचा. मुलीच्या वडिलांनी हात जोडले. “करा बाई, सुरुवात.”

बाई म्हणाल्या, “पोरगी कितवीत हाय?”

“जेवणं होऊ द्या, मग बोलू की.”

“जेवल्यावर काय बोलू? तुमचं मीठ खाल्लं म्हंजे तुमच्या लग्नाला माझी संमती झाली. मग माझं तोंड कुठं ऱ्हातं?”

एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. सगळी ओळ बाईंकडे बघत थांबली. भातावरचं तूप थिजायला लागलं. मागं उभे असलेले पाहुणे कुजबुजायला लागले. नवरदेवाचा मामा चिडून म्हणाला, “ही बाई कोन आन् आमी का थांबायचं?” पण त्याच्याच शेजारचा म्हातारा त्याला म्हणाला, “बस खाली. मास्तरीन हाय ती. तिच्या आधी घास घेतलास तर गाव हसंल.” वडिलांनी आधी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला, मग बायकोकडे बघितलं. शेवटी सगळ्या पंगतीसमोर कबूल केलं, की पोरगी अठराची झाल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. बाईंनी तरीही घास घेतला नाही. नवरदेवाच्या बापाकडून तेच वदवून घेतलं. मग भात कालवला आणि तो थंडगार भात असा चवीनं जेवल्या, की मला हसू आवरेना. येताना ती मुलगी आमच्याबरोबर एसटीत होती. पुढचा महिनाभर ती बाईंच्या घरी राहिली.

परतताना मी विचारलं होतं, की एवढं कशाला, पोलिसांना फोन केला तर काम एका तासात होतं. बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, “पोलीस येऊन लग्न मोडतात गं. पर पोरीला ऱ्हायचं असतं त्याच घरात. बाप चिडून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन उजवतो. चारचौघांत शब्द दिला की त्येला मोडता येत न्हाई. माझं काम शब्द घ्यायचं हाय.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर भाळले होते. नांदेडला घरी गेले की आईला बाईंच्याच गोष्टी सांगायचे. आई म्हणायची, तुझं लग्न ठरलं की त्या बाईंना बोलावू नको बाई, मी काही त्यांना उत्तरं देऊ शकणार नाही.

बाई स्वतःबद्दल फार बोलत नसत. एकदाच बोलल्या. त्यांच्या घरी ओट्यावर बसून आम्ही शेंगा फोडत होतो. त्यांचं स्वतःचं लग्न सातवीत असताना झालं होतं, निलंग्याकडे. सासरी काय काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. “नगं ते,” एवढंच म्हणाल्या. त्यांचा थोरला भाऊ आण्णा एक दिवस सायकलवर आला, बहिणीला पुढच्या दांडीवर बसवलं आणि घेऊन आला. भावकीनं त्याला वाळीत टाकल्यासारखं केलं. घरात परत आलेली बहीण म्हणून त्याचं लग्न कितीतरी वर्षं जमलं नाही. त्यानं बहिणीला लातूरला ठेवून शिकवलं. “आण्णा नसता तर मी त्या घराच्या आडात गेले असते,” बाई म्हणाल्या आणि शेंगांची टरफलं सुपात झाडायला लागल्या.

अश्विनी आमची दहावीतली मुलगी. वडिलांची पिठाची गिरणी होती, गाव जळकोटपासून जवळच. परिपाठाला वर्तमानपत्र वाचायची ती. वाचताना एखादी बातमी पटली नाही तर तिथंच थांबून “हे काही बरोबर नाही” असं म्हणायची, आणि सगळी शाळा हसायची. तिला वकील व्हायचं होतं. वकील म्हणजे काय ते तिनं कधी पाहिलेलं नव्हतं, पण भांडायचे पैसे मिळतात म्हटल्यावर तिचा निर्णय पक्का झाला होता. संध्याकाळी अभ्यासाला ती बाईंच्या घरी असायची. बाईंच्या घरात अशा चारसहा पोरी कायम असायच्याच. कुणी दळण करी, कुणी धडा पाठ करी, आणि बाई मध्ये बसून सगळ्यांना ओरडत.

थंडीच्या दिवसांत एका मधल्या सुट्टीत अश्विनी प्रयोगशाळेत माझ्याकडे आली. दार लोटून घेतलं.

“मॅडम, माझं लगीन ठरवायलेत. येत्या रविवारी. पोरगा कोन त्ये बी सांगनात.”

“बाईंना सांगितलंस?”

“बाई माझ्याशी बोलेनात. समोर आले की दुसरीकडं बघतात. तुमी सांगा ना. तुमचं ऐकतेत.”

मला वाटलं, शाळेच्या तपासणीची धावपळ आहे, बाईंचं लक्ष नसेल. मी तिला म्हटलं, “घाबरू नको. रविवारी बाई पंगतीला असतील.” तिला एकदम हसू आलं. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होती. बाई पंगतीला बसल्या की काय होतं, हे शाळेतल्या लहानातल्या लहान मुलीलाही ठाऊक होतं.

मी त्याच दिवशी बाईंना सांगितलं. त्या कपाट लावत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ठाव हाय मला. मी बघते. तू यात पडू नको.”

बाई ‘मी बघते’ म्हणाल्या की आम्ही विषय संपला असं समजायचो. मी निर्धास्त झाले. रविवारी मी तिकडे गेले ती काळजीनं नव्हे. मला बाईंचा तो थंड भात पुन्हा एकदा बघायचा होता.

मांडवात बाई पहिल्या ओळीत होत्या. नवी इरकल नेसलेल्या. शेजारी त्यांचे आण्णा, डोक्याला फेटा. मला वाटलं, आज पाठिंब्याला भावालाही आणलंय. मी बाईंच्या समोरच्या ओळीत बसले. खिडकीच्या गजांमागं अश्विनी दिसत होती, हळदीनं पिवळी झालेली. मी तिला डोळ्यांनी खूण केली, की बघ आता.

पानं वाढली. अश्विनीच्या वडिलांनी हात जोडले. “करा बाई, सुरुवात.”

बाईंनी भात कालवला, घास केला आणि तोंडात घातला.

सगळी ओळ जेवायला लागली. भुरके, वाट्या, ‘वरण आणा रे’च्या हाका. मला क्षणभर कळेचना काय झालं. मी खिडकीकडे बघितलं. अश्विनी तिथंच होती आणि बाईंच्या हाताकडे बघत होती. हात पानावरून तोंडाकडे जायचा, परत यायचा.

मी उभी राहिले. भर पंगतीत उभं राहणं म्हणजे अन्नाचा अपमान, ते मलाही कळत होतं. मी मोठ्यानं विचारलं, “बाई, पोरगी कितवीत आहे?”

बाईंनी मान वर केली नाही. “खाली बस सुवर्णा. लोक जेवायलेत.”

अश्विनीची आई हुग्गी वाढत होती. ती माझ्याजवळ आली आणि मला समजावू लागली. रागानं नव्हे, अगदी कौतुकानं. “अवो मॅडम, बाईंच्या सख्ख्या भावाचाच ल्योक हाय नवरदेव. बाईंनीच सोयरीक आनली. त्येंच्या घरी अभ्यासाला जायची न्हवं, तितंच बगितलं आण्णांनी. हुंडा नगं, खर्च बी त्येंचाच. आन् बाईंच्या घरात पोरगी जायलीय, मंग आमाला अजून काय पायजे?”

मी पान तसंच टाकून बाहेर आले आणि मुलांच्या मदतीच्या सरकारी नंबरावर फोन लावला. माझा आवाज इतका कापत होता, की पलीकडच्या मुलीनं मलाच विचारलं, लग्न तुमचं आहे का?

ग्रामसेवक आणि एक हवालदार आले, तेव्हा अक्षता वाटून झाल्या होत्या, पण पडल्या नव्हत्या. बाजा थांबला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात बाई पदराला हात पुसत मांडवाच्या तोंडाशी आल्या. त्यांना बघून ग्रामसेवक अवघडला. तो त्यांच्याच गावातला, त्याची धाकटी बहीण बाईंनी शिकवलेली.

“काय साहेब, कुनी बोलावलं?”

“तक्रार आली बाई. मुलगी लहान आहे म्हणून.”

“पोरगी माझ्या शाळेची हाय. अठरा पूर्ण हाईत. मी सांगते ना.”

“खोटं आहे!” मी ओरडले. “दहावीत आहे ती. पंधरा वर्षांची आहे.”

ग्रामसेवकानं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. “मॅडम, मागं पडलेली पोरगी असती एखादी दहावीत. आन् बाई खोटं कशाला बोलतील? ह्या गोष्टीत तर बाईच आम्हाला फोन करून शिव्या देतात.” हवालदार म्हणाला, जन्माचा दाखला तरी बघू. ग्रामसेवक त्याला म्हणाला, “बाईंना दाखला मागतो का तू?” दोघं चहा घेऊन निघून गेले.

इतक्या वर्षांत, इतक्या थंड पंगतींत बसून बाईंनी जी पत कमावली होती, ती त्यांनी त्या दिवशी एका पोरीच्या विरोधात वापरली. त्यांच्याऐवजी दुसरं कुणीही मांडवाच्या तोंडाशी उभं असतं, तर अश्विनी वाचली असती. मला आजही राग येतो तो याचा. लग्न लावणारे आईबाप मी पुष्कळ पाहिले, त्यांचा एवढा राग कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, मी बसले नाही.

“आण्णाचं पोरगं तिशी वलांडून गेलं,” त्या म्हणाल्या. “शेती करनाऱ्याला कोन पोरगी देत न्हाई आता. आण्णानं मला कवा काय मागितलं न्हवतं. ह्या वक्ताला पाय धरले माझे. थोरल्या भावानं पाय धरले सुवर्णा, मी काय करू?”

“दुसरी बघायची. अठरा पूर्ण झालेली.”

“देईनात ना कुनी. ह्येनी माझ्या शब्दावर दिली.” मग जरा सावरून म्हणाल्या, “माझ्या डोळ्यापुढं हाय ती. सुखात ठेवीन. शिकवीन बी. बग तू.”

“बाई, हे प्रत्येक बापानं तुम्हाला सांगितलं होतं. सुखात राहील, पुढं शिकवू. तेव्हा तुम्ही घास घेत नव्हता.”

बाईंनी टेबलावरची घंटा सरळ करून ठेवली. त्यांनी रडावं, रागवावं, मला हाकलून द्यावं, काहीतरी करावं, असं मला फार वाटत होतं.

मी लातूरला बालकल्याण समितीकडे गेले. त्यांनी दोन्ही घरांना बोलावलं. घरच्यांनी सांगितलं, लग्न नव्हतंच, साखरपुडा होता. मुलगी पुण्याकडे मावशीकडे गेलीय. मांडवात जेवलेल्या एवढ्या माणसांपैकी एकही साक्षीला उभा राहिला नाही. बाईंच्या विरोधात कोण उभं राहणार? शाळेत माझ्याशी बोलणं बंद झालं. ज्यांच्या मुलींची लग्नं बाईंनी मोडली होती, ते लोकही मलाच म्हणाले, की एवढ्या मोठ्या बाईच्या घरच्या गोष्टीत तुम्ही नाक खुपसायला नको होतं. वर्ष संपल्यावर मी कंधारच्या एका शाळेत गेले.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या, गेल्या उन्हाळ्यात, कंधारच्या स्टँडावर. निवृत्त झाल्या होत्या, वाळल्या होत्या. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. शेजारी पिशव्या सांभाळत अश्विनी उभी, डोक्यावरून पदर. मी दुसरीकडे वळणार, तेवढ्यात जुन्या आवाजात हाक आली, “अगं ए नांदेड!”

मी गेले. बाई अशा बोलायला लागल्या, जणू आम्ही कालच शेंगा फोडल्या होत्या. ही नात, किती बडबडी आहे. तुझं कसं चाललंय. मी मध्येच अश्विनीला विचारलं, “दहावी झाली का गं?”

उत्तर बाईंनी दिलं. “बाहेरून फारम भरायलोत ना. गेल्या साली पोरगी आजारी व्हती, त्याच्या आदल्या साली ही बाळंतपनाची अशक्त. ह्या साली नक्की. पुस्तकं आनून ठेवलीत मी.” बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला आणि त्यांनी नातीचं झबलं उगीच खाली ओढलं.

तेवढ्यात उदगीर गाडी लागली. झुंबड उडाली. बाईंनी पोरगी अश्विनीकडे दिली आणि या वयात पदर खोचून जागा धरायला गर्दीत घुसल्या.

अश्विनी माझ्याकडे वळली. तेवढ्या घाईत तिनं एवढंच विचारलं, “मॅडम, तुमच्या शाळेत पैलीपासून घेतेत का?”

“घेतात की. कुणाला?”

तिनं कडेवरच्या मुलीकडे बघितलं. “हिला. आमच्याकडं न्हाई घालनार मी. तितं सगळे ह्या आत्याबाईंचं ऐकतेत. तुमी ऱ्हाचाल ना तवर इतं?”

मी म्हटलं, राहीन. तिनं मान हलवली आणि गाडीकडे गेली. खिडकीतून बाई ओरडत होत्या, “अश्वे, ये लवकर! धरली बग जागा!”

गाडी निघाली तेव्हा मला बाई दिसल्या. खिडकीशी बसल्या होत्या आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हत्या. अश्विनी त्यांच्या समोरच, पोरीला कडेवर घेऊन, वरच्या दांडीला धरून उभी होती.